रबराच्या सालीचा हिशेब: लहान बागायतदारासाठी रोपापासून विक्रीपर्यंतचे मार्गदर्शन

जगात पिकणाऱ्या नैसर्गिक रबरापैकी ८५ टक्क्यांहून अधिक रबर लहान शेतकऱ्यांच्या बागांतून येते. थायलंड, इंडोनेशिया, व्हिएतनाम, भारत, आयव्हरी कोस्ट, कुठेही पाहिले तरी चित्र साधारण सारखेच: दोन-चार हेक्टरांची, कधी त्याहूनही लहान बाग, कामाला घरचीच माणसे आणि एकदा लावल्यावर २५-३० वर्षे सांभाळायची झाडे. इंडोनेशियाच्या सुमात्रा आणि कालिमंतानमध्ये बियांपासून वाढलेल्या, रानासारख्या जुन्या बागांतून हेक्टरी वर्षाला जेमतेम ५०० किलो कोरडे रबर निघते. निवडक वाणाची, नीट राखलेली बाग १,५०० किलो किंवा त्याहून जास्त देते. हा फरक घडवणारे संशोधन गेल्या शंभर वर्षांत झाले आहे. तरीही चांगला वाण लावलेले कित्येक शेतकरी दहा-बारा वर्षांतच अडचणीत येतात, कारण तोवर झाडांवरची चांगली साल संपवून झालेली असते.

रबराचा चीक सालीत असतो आणि तो काढायला दर वेळी थोडी साल सोलावी लागते. सालीच्या आतल्या मऊ थरात चिकाच्या सूक्ष्म नळ्यांची वलये असतात आणि लाकडाला चिकटलेल्या कॅम्बियमच्या (नवी साल आणि लाकूड बनवणाऱ्या थराच्या) जवळ ती सर्वांत दाट असतात. एका खोडावर हाताला येईल अशी साल किती, हे झाड लावले त्याच दिवशी जवळपास ठरलेले असते. ती किती वर्षे पुरवायची, हे मात्र शेतकऱ्याच्या हातात राहते. म्हणून पुढची प्रत्येक पायरी मी एकाच कसोटीवर पारखली आहे: यामुळे साल लवकर तयार होते का, आणि तयार झालेली साल जास्त काळ पुरते का?

पहिली पायरी: जमीन आणि हवा

हे झाड मूळचे अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले. उबदार हवा, वर्षभर विखुरलेला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस आणि खोल, पाणी न साचणारी माती ही त्याची पसंती. रबराला आम्लधर्मी जमीन चालते. खडक वर आलेली किंवा पाणी तुंबणारी जमीन मात्र टाळावी, कारण खताने तो दोष भरून निघत नाही.

चीनच्या शिश्वांगबान्ना भागात आणि ईशान्य थायलंडमध्ये रबर मूळ पट्ट्याबाहेर, अधिक थंड किंवा कोरड्या प्रदेशात गेले. भारतातही महाराष्ट्रातल्या दापचरीच्या संशोधन केंद्रात कोरड्या उन्हाळ्यात झाडांना पाणी देण्याचे प्रयोग झाले. अशा ठिकाणी रबर वाढते, पण खोडाने घेर धरायला वेळ लागतो आणि चीक काढण्याचे महिने कमी होतात. त्यामुळे सीमावर्ती हवामानात सगळी जमीन रबराखाली घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उतारावर समपातळीत पायऱ्या काढून लागवड करावी. जिथे नैसर्गिक जंगल उभे आहे तिथे ते तोडून रबर लावू नये. त्यामागे निसर्गाचे कारण आहेच, पण आता बाजाराचेही आहे. ते पुढे येईल.

दुसरी पायरी: रोप

इथे वाचवलेले पैसे पुढची तीस वर्षे वसूल होत राहतात, तेही आपल्याच खिशातून. बियांपासून वाढलेल्या झाडांत प्रत्येकाचे उत्पन्न वेगळे. म्हणून बीपासून खुंट वाढवायचा आणि त्यावर निवडक वाणाचा डोळा (कळी) भरायचा, ही पद्धत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जावा-सुमात्रात विकसित झाली आणि रबराची शेतीच बदलली. रबराचे बी फार दिवस टिकत नाही. पडल्यावर ताजेच गोळा करून लगेच रुजत घालावे.

वाण निवडताना फक्त उत्पन्नाचा आकडा पाहू नये. मलेशियातला आरआरआयएम ६०० चांगला चीक देतो आणि थायलंडमध्ये तो प्रचंड पसरला, पण पावसाळी पानगळीला बळी पडतो. इंडोनेशियाचा जीटी १ उत्पन्नात मध्यम असला तरी सोशिक आहे. भारतीय रबर संशोधन संस्थेने १९८० मध्ये प्रसारित केलेला आरआरआयआय १०५ भरघोस देतो, मात्र गुलाबी रोगापासून त्याला जपावे लागते. त्याच संस्थेचे ४१४ आणि ४३० हे नंतरचे वाण.

वाणांची चीक बनवण्याची गतीही वेगवेगळी असते, हे लहान शेतकऱ्याला फारसे कोणी सांगत नाही. पीबी २६० सारखा वाण मुळातच वेगाने चीक बनवतो. त्याला चीक वाढवणारे उत्तेजक जास्त दिले तर झाडे कोरडी पडू लागतात. पीबी २१७ सावकाश चालणारा, सालीत साखर राखून असणारा वाण. तो उत्तेजकाला छान प्रतिसाद देतो. आपला वाण यातल्या कोणत्या गटातला, हे रोपवाटिकेत विचारून लिहून ठेवावे. पुढे चीक काढण्याचे वेळापत्रक त्यावरच बसवायचे आहे.

सगळी बाग एका वाणाची करू नये. श्रीलंकेत १९८० च्या दशकात कोरिनेस्पोरा या पानांच्या बुरशीने आरआरआयसी १०३ हा वाण गाठला आणि मोठ्या क्षेत्रावरची झाडे उपटावी लागली. एक हेक्टर असला तरी दोन वाण वेगवेगळ्या पट्ट्यांत लावावेत. एकाच ओळीत मिसळू नयेत, नाहीतर प्रत्येकाला त्याच्या स्वभावाप्रमाणे वागवता येत नाही.

रोप घेताना डोळा जोडल्याची जागा पाहावी. जोड पक्का, कोंब एकच आणि सरळ, मुख्य मूळ न वळलेले, वरचा पानांचा थर पिकून गडद हिरवा झालेला. कोवळी तांबूस पाने असलेले पिशवीतले रोप त्या अवस्थेत हलवले तर ते मान टाकते. चार दिवस थांबलेले बरे.

तिसरी पायरी: अंतर आणि लागवड

हेक्टरी साधारण ४०० ते ५०० झाडे ठेवावीत. ७ बाय ३ मीटर अंतरावर हेक्टरी सुमारे ४७६ झाडे बसतात. जास्त झाडे लावली की घेर उशिरा भरतो आणि साल पातळ राहते. रोपे जास्त लावून सहा वर्षांत कमजोर झाडे काढून टाकण्याचा बेत पुष्कळ जण करतात, पण वाढवलेले झाड तोडायला हात धजावत नाही. म्हणून सुरुवातीलाच संख्या आवरावी.

आंतरपिकावर घर चालवायचे असेल तर इंडोनेशियात अभ्यासलेली जोडओळ पद्धत विचारात घ्यावी. दोन ओळींत २ मीटर, झाडाझाडांत २.५ मीटर आणि पुढची जोडी १८ मीटरवर. हेक्टरी ४०० झाडे भरतात आणि मधला रुंद पट्टा वर्षानुवर्षे उन्हात राहतो. झाडामागे चीक थोडा इकडेतिकडे झाला तरी ज्या घराला दरवर्षी धान्य किंवा भाजी काढावीच लागते, त्याच्यासाठी ही मांडणी मला जास्त योग्य वाटते.

रोप पावसाच्या सुरुवातीला लावावे. खड्ड्यात कुजलेले शेणखत आणि वरची माती भरावी. डोळा जोडल्याची जागा जमिनीच्या जरा वर ठेवावी. पहिल्या उन्हाळ्यात बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे. उन्हाच्या बाजूने खोडाला चुन्याचा हात द्यावा, म्हणजे साल भाजत नाही.

चौथी पायरी: उत्पन्नाशिवायची सहा-सात वर्षे

लहान शेतकरी रबर सोडतो तो बहुधा याच काळात. झाड सहा-सात वर्षे काही देत नाही, दुर्लक्ष झाले तर दहा वर्षे. या काळात घरात पैसा आला तरच बागेची निगा राहते, आणि निगा राहिली तरच काळ लांबत नाही. म्हणून आंतरपीक हा जोडधंदा न मानता लागवडीचाच भाग मानावा.

पहिली दोन-तीन वर्षे केळी, अननस, भाजीपाला, कोरडवाहू भात, शेंगवर्गीय पिके चालतात. रबराच्या ओळीपासून मीटर-दीड मीटर जागा मोकळी ठेवावी. कसावा मात्र टाळावा. तो मातीतला कस ओढतो आणि पांढऱ्या मूळकुजीची बुरशी त्याच्यावरही जगते. सावली दाटल्यावर कॉफी, कोको, वेलदोडा अशी सावलीतली पिके घेता येतात, पण जिथे पाऊस पुरेसा आहे तिथेच.

आंतरपीक नसलेल्या जागी जमीन झाकणारी शेंगवर्गीय वेल लावावी. प्युरेरिया वेगाने पसरते, जमिनीत नत्र साठवते आणि इम्पेराटा या चिवट गवताला दाबून टाकते. म्युकुना ब्रॅक्टियाटा सावलीतही टिकते आणि गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. दोन्ही वेली रोपांवर चढतात, म्हणून बुंध्याभोवतीचे वर्तुळ नियमित मोकळे करावे.

तण काढण्याबाबत इंडोनेशियात १९९४ पासून झालेले काम मोलाचे आहे. आंतरराष्ट्रीय कृषिवानिकी संशोधन केंद्र आणि फ्रान्सची सिराद ही संस्था यांनी शेतकऱ्यांच्याच बागांत प्रयोग मांडले. निवडक वाण लावायचे, पण फक्त ओळीच्या दोन्ही अंगांचा मीटरभर पट्टा साफ ठेवायचा आणि मधल्या जागेत रान वाढू द्यायचे. योग्य वाण निवडले तर झाडे चांगली वाढली, मजुरी वाचली आणि फळझाडे, इमारती लाकूडही मिळाले. ज्याच्याकडे मजुरीला पैसा नाही त्याने सगळी बाग अर्धवट साफ करण्यापेक्षा ओळीच काटेकोर साफ ठेवाव्यात.

खोडावर अडीच मीटर उंचीपर्यंत फुटणारे कोंब कोवळे असतानाच हाताने खुडावेत. त्या जागी पुढे काप यायचा असतो. गाठ आली की तिथली साल वाया जाते.

पाचवी पायरी: झाड चिकासाठी कधी उघडायचे

डोळा भरलेल्या झाडाचा घेर जोडापासून १२५ सेंटिमीटर उंचीवर ५० सेंटिमीटर झाला की ते तयार झाले. बागेतली साधारण ७० टक्के झाडे या मापाला आली की सुरुवात करावी. त्याआधी नको. भाव चढला की ४० सेंटिमीटरचीच झाडे उघडण्याचा मोह होतो. अशा झाडाची साल पातळ असते, चीक कमी येतो आणि घेर वाढणेही मंदावते, कारण जे अन्न खोड जाड करायला लागायचे ते चिकात जाते. ही उणीव झाड नंतर भरून काढत नाही. फितीने प्रत्येक झाड मोजावे आणि तयार झाडावर रंगाची खूण करावी. एका माणसाचे काही तासांचे काम आहे.

सहावी पायरी: काप

चिकाच्या नळ्या खोडात किंचित तिरक्या चढतात. जास्तीत जास्त नळ्या कापल्या जाव्यात म्हणून काप डावीकडे वर आणि उजवीकडे खाली असा, ३० अंशांच्या उताराने घ्यावा. लांबी खोडाच्या निम्म्या घेराएवढी. दोन उभ्या रेषा आणि उताराची रेघ पत्र्याच्या साच्याने आधी आखून घ्यावी. अंदाजाने घेतलेला काप महिन्याभरात सपाट होतो आणि चीक काठावरून ओघळतो.

खोली हा सगळ्यांत नाजूक भाग. कॅम्बियमच्या अलीकडे साधारण एक मिलिमीटर साल शिल्लक राहिली पाहिजे. उथळ कापले तर आतल्या दाट नळ्या अस्पर्श राहतात, लाकडाला चाकू लागला तर तिथे गाठ येते आणि नवी साल खडबडीत उगवते. प्रत्येक वेळी सोलायची जाडी १ ते १.५ मिलिमीटर. चाकू रोज धार लावलेला हवा. बोथट चाकूने माणूस जाड सोलतो, आणि जाड सोललेली साल म्हणजे जळून गेलेले महिने.

काम पहाटे करावे. रात्री झाडात पाण्याचा दाब वाढलेला असतो, त्यामुळे चीक जोरात आणि जास्त वेळ वाहतो. ऊन चढले की दाब उतरतो आणि नळ्यांची तोंडे लवकर बंद होतात. एका सकाळी एक माणूस साधारण ३०० ते ४०० झाडे करतो.

सातवी पायरी: किती दिवसांनी कापायचे

या लेखातले सगळ्यांत महत्त्वाचे गणित इथे आहे. वर्षाला कामाचे ३०० दिवस धरू, सोल १.५ मिलिमीटर आणि वापरता येणारी सालीची उंची १२० सेंटिमीटर.

रोज कापले तर वर्षाला ४५ सेंटिमीटर साल जाते, म्हणजे एक बाजू पावणेतीन वर्षांत संपते. एक दिवसाआड कापले तर २२.५ सेंटिमीटर, एक बाजू पाच वर्षांहून थोडी जास्त पुरते. दर तिसऱ्या दिवशी कापले तर १५ सेंटिमीटर आणि आठ वर्षे. आठवड्यातून एकदा कापताना वाळलेला भाग काढायला सोल जरा जाड घ्यावा लागतो. २ मिलिमीटर धरला तरी वर्षाला ९ सेंटिमीटरच्या आत साल लागते आणि एक बाजू तेरा वर्षे चालते.

आता याला दुसरी गोष्ट जोडा. कापलेल्या जागी नवी साल येते, पण ती पुन्हा कापण्याजोगी जाड व्हायला सात-आठ वर्षे लागतात. रोज कापणारा दोन्ही बाजू साडेपाच वर्षांत संपवून पहिल्या बाजूवर परततो, तेव्हा तिथली सर्वांत जुनी साल साडेपाच वर्षांची आणि सर्वांत नवी पावणेतीन वर्षांची असते. दर तिसऱ्या दिवशी कापणारा परततो तेव्हा तिथली सगळी साल किमान आठ वर्षांची, पूर्ण भरलेली असते. एकच झाड, एकच चाकू, आणि फरक केवळ दिवसांच्या अंतराचा.

रोज कापल्याने उत्पन्न दुप्पट होते हा समजही खरा नाही. वाहून गेलेला चीक पुन्हा तयार व्हायला झाडाला साधारण दोन-तीन दिवस लागतात. घाई केली तर पातळ, कमी रबराचा चीक येतो आणि हळूहळू कापाचा काही भाग कोरडा पडतो. हा कोरडेपणा रबर बागांचे मोठे दुखणे आहे. त्यावर खात्रीचे औषध नाही. उपाय एकच, झाडाला विश्रांती.

दिवसांचे अंतर वाढवले की प्रत्येक कापाला चीक वाढतो, पण तूट पूर्ण भरत नाही. तिथे इथेफॉन हे उत्तेजक कामी येते. २.५ टक्के तीव्रतेचे इथेफॉन कापाजवळ पातळ लावले की सालीत इथिलीन वायू सुटतो आणि चीक जास्त वेळ वाहतो. दर तिसऱ्या दिवशीच्या पद्धतीत वर्षातून मोजक्या वेळा पुरते, आठवड्याच्या पद्धतीत साधारण महिन्याला एकदा. एक दिवसाआड कापणाऱ्याने जास्त देणाऱ्या वाणावर ते वापरूच नये. पानगळीत, दुष्काळात आणि आधीच कोरडेपणा दिसत असलेल्या झाडांवर कधीही नको. चिकातली साखर, फॉस्फरस, थायोल आणि कोरडे रबर मोजून झाडावर ताण किती आहे हे सांगणारी चाचणी संशोधकांनी विकसित केली आहे. जवळच्या केंद्रात ती होत असेल तर दोन-तीन वर्षांतून एकदा करून घ्यावी.

या पद्धतीचा खरा लाभ घरातल्या वेळेचा आहे. ४०० झाडांची बाग एक माणूस तिसऱ्या दिवशी एका सकाळी उरकतो. मधल्या दोन सकाळी आंतरपीक, जनावरे किंवा दुसरीकडची मजुरी करता येते. हजार-बाराशे झाडे असली तर तीन भाग पाडून एकच माणूस सगळी बाग सांभाळतो.

बाग वाट्याने दिली असेल तर वेळापत्रक करारातच लिहावे. वाटेकऱ्याला आजच्या चिकाचा हिस्सा मिळतो, उद्याच्या सालीचा मिळत नाही, म्हणून रोज कापण्याकडे त्याचा ओढा असतो. दोष त्याचा नाही, कराराचा आहे. दर महिन्याला सालीच्या वापराची खूण झाडावर मारून दोघांनी मिळून पाहावी आणि साल राखल्याबद्दल त्याला वर्षअखेर वाढीव हिस्सा द्यावा.

आठवी पायरी: पाऊस आणि रोग

पावसात कापाच्या वर डांबरी लेपाने प्लॅस्टिकचा झगा चिकटवावा. खोडावरून येणारे पाणी चीक गोळा करायच्या वाटीत पडत नाही आणि कामाचे कित्येक दिवस वाचतात. ओल्या हवेत कापलेली साल कुजते, म्हणून त्या काळात पॅनेलवर, म्हणजे कापल्या जाणाऱ्या सालीच्या पट्ट्यावर, शिफारशीचे बुरशीनाशक लावत राहावे.

पावसाळी पानगळ आणणाऱ्या फायटोफ्थोरासाठी पाऊस सुरू होण्याआधी १ टक्का बोर्डो मिश्रण फवारतात. गुलाबी रोग खोडाच्या दुबेळक्यात दिसतो. तिथे बोर्डो पेस्ट लावावी. नव्या पालवीवर भुरी आली तर गंधकाची भुकटी सकाळी धुरळतात. पांढरी मूळकुजी शेजारच्या झाडांना मुळांतून लागते, त्यामुळे एक झाड अकारण पिवळे पडले तर बुंधा उकरून पाहावा. २०१६ पासून इंडोनेशियात आणि पुढे मलेशिया, थायलंड, श्रीलंकेत पेस्टालोटिऑप्सिस बुरशीमुळे मोठी पानगळ दिसू लागली. पानांवर गोल तपकिरी डाग पडतात. अशा वर्षी कापाची संख्या कमी करावी. झाडाला पाने पुन्हा उभी करायची असतात.

झाडे पाने गाळून नवी पालवी फोडतात तेव्हा चीक काढणे थांबवावे. याच दिवसांत पालवीच्या देठांवरच्या ग्रंथींतून मध पाझरतो. बागेत मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या तर चीक बंद असलेल्या महिन्यांत थोडी मिळकत होते. फवारणीचे दिवस मात्र पेट्यांचा विचार करूनच ठरवावेत.

नववी पायरी: माल आणि विक्री

वाटीत गोठलेला गोळा विकणे सोपे, पण त्यात पाणी, साल, वाळू मिसळली जाते आणि व्यापारी सगळ्यांच्याच मालाला सरसकट कमी लेखतो. गोळा विकायचा असेल तर वाटी स्वच्छ ठेवावी, सावलीत काही दिवस निथळू द्यावा, पाण्यात बुडवू नये. प्लॅस्टिकच्या विणलेल्या पोत्यात कधीही भरू नये. त्या पोत्याचे धागे रबरात अडकतात, कारखान्यात निघत नाहीत आणि पूर्ण माल नाकारला जातो.

शीट करायची असेल तर चीक गाळून, पाणी घालून कोरड्या रबराचे प्रमाण १२.५ ते १५ टक्क्यांवर आणतात आणि पातळ केलेल्या फॉर्मिक आम्लाने रात्रभर गोठवतात. गंधकाम्ल स्वस्त पडते, पण रबराची प्रत बिघडवते. सकाळी रोलरमधून काढून शीट सुमारे तीन मिलिमीटर जाड करावी, धुवावी, सावलीत निथळावी आणि ४० ते ६० अंश तापमानाच्या धुरात चार-पाच दिवस सुकवावी. आत पांढरा डाग राहिला नाही म्हणजे ती सुकली.

एकट्या शेतकऱ्याला रोलर आणि धूरघर परवडत नाही. भारतात १९८० च्या दशकापासून रबर उत्पादक संघ उभे राहिले, तर इंडोनेशियात गावगटांनी माल एकत्र करून लिलावाने विकायला सुरुवात केली. दोन्हीकडे प्रतीनुसार दर मिळवण्याची ताकद गटामुळे आली. चिकातले कोरडे रबर गटाने स्वतः मोजावे. नमुना तोलून, गोठवून, सुकवून पुन्हा तोलण्याची पद्धत तरंगत्या मापकापेक्षा भरवशाची आहे.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या जंगलतोडविरोधी नियमात रबर समाविष्ट आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल तिथे चालणार नाही, आणि प्रत्येक बागेचे भौगोलिक स्थान द्यावे लागेल. चार हेक्टरांपर्यंतच्या बागेसाठी नकाशावरचा एक बिंदू पुरतो. गटाने सगळ्या सदस्यांचे बिंदू आणि जमिनीचे कागद आत्ताच एकत्र करून ठेवावेत, नाहीतर कागद नाहीत म्हणून लहान शेतकरीच आधी बाजूला पडेल.

दहावी पायरी: शेवट आणि नवी लागवड

दोन्ही बाजूंची मूळ साल, मग नवी साल, शेवटी वरच्या भागात उलटा, खालून वर सरकत जाणारा काप, असे करत २५-३० वर्षांनी झाड तोडण्याला येते. रबराच्या लाकडात साखर आणि स्टार्च भरपूर असल्याने ते लवकर काळे पडते आणि कीड लागते. खरेदीदार आधी ठरवूनच तोड करावी, म्हणजे ओंडके दोन-चार दिवसांतच कापून बोरॉनची प्रक्रिया होते. सगळी बाग एकदम तोडू नये. तीन भाग करून दोन-तीन वर्षांच्या अंतराने तोडले तर घरात चीक येत राहतो. बुंधे आणि जाड मुळे उकरून काढावीत, विशेषतः जिथे पांढरी मूळकुजी होती तिथे. त्या जागी एखादे वर्ष आच्छादनाची वेल राखून मगच नवी रोपे लावावीत.